शेवटच्या चौकीवर बदली कोण?



आजचा विषय घरातला आहे. तान्ह्या मुलाला सांभाळणं, आजारी माणसाची कूस बदलणं, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं, चार घास भरवणं, स्वयंपाक, धुणंभांडी. या सगळ्याला मी आज 'देखभालीचं काम' म्हणणार आहे. हे काम आपल्या डोळ्यांसमोर चालतं, म्हणून ते आपल्या गल्लीपुरतं आहे असं वाटतं. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्याचा जागतिक बाजार झाला आहे. कर्नाटकात शिकलेली नर्स इंग्लंडमधल्या म्हाताऱ्यांना सांभाळते आणि तिच्या घरचं काम दुसरी एखादी बाई करते. ही व्यवस्था कशी चालते, बायकांच्या हाती तिच्यातून काय येतं, काय निसटतं आणि आपल्याला काय करता येईल, ते आज पाहू.

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. पदवी घेऊन फौजेत गेलो, पायदळात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सासुरवाडीच्या गावी, म्हैसूरला स्थायिक झालो. पण फौजेतला एक साधा नियम या विषयाला चपखल बसतो. पहारेकरी बदली आल्याशिवाय चौकी सोडत नाही. तहान लागो, पाऊस पडो, बदलीचा जवान समोर उभा राहिल्यावरच तो हलतो. मूल, रुग्ण आणि म्हातारं माणूस या अशाच चौक्या आहेत. त्या तासभरही रिकाम्या ठेवता येत नाहीत. बाई कमवायला बाहेर पडली की बदली लागतेच. मग प्रश्न असा की बदली म्हणून कोण येतं, किती पगारावर येतं, आणि तिच्या स्वतःच्या चौकीवर कोण उभं राहतं?

प्रवास जुनाच, दिशा बदलली

मुलं सांभाळणाऱ्या बाईला आपण 'आया' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. म्हणजे ज्या शब्दाने आपण या कामाला ओळखतो, तोही समुद्र ओलांडून आलेला आहे. इंग्रजांच्या काळात गोऱ्या कुटुंबांबरोबर हजारो किलोमीटरचा बोटीचा प्रवास करून भारतीय आया विलायतेला जात. वाटेत मुलं सांभाळायची, तिकडे पोचलं की काम संपलं. काही कुटुंबं परतीचं तिकीट द्यायची, काही द्यायची नाहीत. अशा अडकून पडलेल्या बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं वसतिगृह होतं. हॅकनी भागातल्या किंग एडवर्ड्स रोडवर २६ क्रमांकाच्या घरात ते १९०० पासून काही वर्षं चाललं. त्या घरावर जून २०२२ मध्ये स्मृतीची निळी पाटी लागली.

त्याच काळात प्रशिक्षित नर्सचा प्रवास उलट दिशेने होत होता. मार्च १८८८ मध्ये दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईला उतरल्या आणि लष्करी रुग्णालयांत शुश्रूषेची घडी बसवू लागल्या. आमची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आपला इतिहास तिथूनच मोजते. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात वेस्लियन मिशनने १९०६ साली बायका-मुलांसाठी रुग्णालय काढलं. नाव होल्ड्सवर्थ मेमोरियल, पण अख्खं गाव त्याला 'मिशन हॉस्पिटल' म्हणतं. तेव्हा इंग्लंडातून नर्स इकडे यायच्या. आज म्हैसूरच्या नर्सिंग कॉलेजांतून मुली तिकडे जातात.

आपल्या समाजाने या कामाकडे कसं पाहिलं, तेही आठवू. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, हे 'चांगल्या घरच्या' बाईचं काम नव्हे अशी समजूत होती. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं. ससून रुग्णालयात शुश्रूषेचं शिक्षण घेणाऱ्या मुलींच्या राहण्याची सोय सेवासदनने केली, त्यांत विधवाही होत्या. आश्रित म्हणून जगणाऱ्या बाईला या कामाने स्वतःची मिळकत दिली. तेव्हा हे काम म्हणजे नुसतं शोषण असं म्हणणं खरं नाही. ते बाईचा मोठा आधारही झालं. या दोन्ही बाजू पुढेही आपल्याबरोबर राहणार आहेत.

साखळी कशी जुळते

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी २००० च्या सुमारास या व्यवस्थेला 'देखभालीची जागतिक साखळी' असं नाव दिलं. श्रीमंत देशातली बाई नोकरी करते. तिची मुलं सांभाळायला गरीब देशातली बाई येते. त्या बाईची मुलं सांभाळायला गावातली आणखी गरीब बाई लागते. तिची मुलं तिची थोरली मुलगी सांभाळते, आणि त्या मुलीला काहीच पगार नसतो.

माझ्याच घराचा हिशेब मांडतो. माझी आई नव्वदीच्या पुढे आहे आणि अंथरुणाला खिळली आहे. मुलगी इंजिनिअर, जर्मनीत स्टुटगार्टजवळ असते. माझी पत्नी आणि मी दोघेही साठीच्या पुढचे. म्हणून आईसाठी चोवीस तासांची 'होम नर्स' आहे. इथे म्हैसूरमध्ये हाच शब्द रूढ आहे, पण त्यांतल्या बहुतेकींनी नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं नसतं. ही बाई एच. डी. कोटे तालुक्यातल्या एका खेड्याची. आईला ती 'अज्जी' म्हणते. ती बोलते कन्नड, आई बोलते मराठी, आणि दोघींचं छान चालतं. तिची दोन मुलं गावी तिच्या आईकडे असतात. तिची आई मजुरीला जाते, आणि त्या दिवशी स्वयंपाक नि धाकट्या भावाची जबाबदारी आठवीतल्या मुलीवर येते.

आता टोकापासून टोकापर्यंत पाहा. माझी मुलगी युरोपात पगार मिळवते. तिच्या आजीला सांभाळणारी बाई त्याच्या कितीतरी पट कमी मिळवते, आणि आम्ही एजन्सीला देतो त्यातलाही काही भाग एजन्सी कापून घेते. मुलं सांभाळण्याचे त्या बाईच्या आईला पैसे मिळत नाहीत. आठवीतली मुलगी तर हिशेबातच नाही. साखळी जसजशी खाली जाते तसतसा पगार घटत शून्यावर येतो. काम मात्र सगळ्या कड्यांवर तेच असतं. आणि या साखळीत पुरुष शोधा. आजीचा मुलगा मी आहे, पण बदली शोधायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं ते बायकांकडेच.

दार कोण उघडतं, कोण लावतं

श्रीमंत देशांत म्हातारी माणसं वाढली, मुलं कमी झाली, बायका नोकरीला लागल्या. घरचे पुरुष मात्र त्या प्रमाणात कामाला लागले नाहीत, आणि अनेक सरकारांनी या कामावर पुरेसा खर्चही केला नाही. ही उणीव भरायला बाहेरून माणसं बोलावली जातात.

जपान आणि भारत यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांचा करार झाला, त्यात वृद्धांच्या देखभालीचं क्षेत्र आहे. इस्रायलबरोबर मे २०२३ मध्ये ४२,००० भारतीय कामगारांचा करार झाला, त्यांतल्या ८,००० जागा देखभालीच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आहेत. म्हणजे सातारा-लातूरकडच्या मुली आता जर्मन भाषा शिकून तिकडे जाऊ शकतात. माझी मुलगी राहते ते राज्य हेच. तिची आजी इथे म्हैसूरला आणि तिथल्या आज्यांसाठी मराठी मुली तिथे, अशी ही देवाणघेवाण आहे.

पण उघडलेलं दार कधी लागेल हे जाणाऱ्या बाईच्या हाती नसतं. ब्रिटनचंच पाहा. तिथे वृद्धाश्रमांत माणसं मिळेनात, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये 'केअर वर्कर' म्हणून काम करणाऱ्यांना व्हिसा खुला झाला. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना मुलं आणि जोडीदार बरोबर आणायला बंदी आली. आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबली. साडेतीन वर्षांत तीन हुकूम. मधल्या हुकुमाचा अर्थ असा की आमच्या आईवडिलांना सांभाळायला ये, पण तुझी मुलं घरी ठेवून ये. ती मुलं कोण सांभाळणार, हा त्या सरकारचा प्रश्न नव्हता. तो आपल्याकडच्या आज्यांचा आणि थोरल्या मुलींचा प्रश्न झाला.

हाती काय येतं आणि काय निसटतं

आधी मिळकतीची बाजू. केरळच्या नर्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. मुलीच्या परदेशी पगारावर घर झालं, भावंडं शिकली, कर्ज फिटलं. घरात पैसा आणणाऱ्या मुलीचं मत विचारलं जाऊ लागलं. आपल्या पायावर उभी राहिलेली बाई वाईट संसार सोडूही शकते. म्हणून 'बायकांनी बाहेर जाऊच नये' असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या बाजूचा नाही. तिला घरी बसवून साखळी तुटत नाही, फक्त तिची मिळकत तुटते.

निसटणाऱ्या गोष्टी मोजून तीन सांगतो.

पहिली, कौशल्याची किंमत. परदेशात नर्स म्हणून नोंदणी व्हायला परीक्षा आणि भाषा लागते. ती होईपर्यंत, आणि कित्येकदा त्यानंतरही, चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी साध्या देखभाल सेविकेचं काम करते. शिक्षणाचा खर्च तिच्या बापाने आणि आपल्या देशाने केलेला असतो.

दुसरी, सुटकेचा रस्ता. आखाती देशांत पूर्वापार 'कफाला' पद्धत आहे. तिथे कामगाराचं वास्तव्य मालकाच्या नावाशी बांधलेलं असतं. आंध्रातल्या कडप्पा आणि गोदावरी भागांतून असंख्य बायका कुवेतला घरकामाला जातात. कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला, पण बंद दाराआड तो किती पोचतो हा प्रश्न उरतोच. कारखान्यात निरीक्षक जाऊ शकतो. घर हे मालकाचं खासगी असतं, आणि तेच तिचं कामाचं ठिकाण.

तिसरी, कर्ज आणि धोका. जुलै २०१४ मध्ये इराकच्या तिक्रितमधून ४६ भारतीय नर्स सुखरूप परतल्या. देशाने सुटकेचा निःश्वास सोडला. पण त्यांतल्या काहींना परत येण्याचीही धास्ती होती, कारण शिक्षणाचं कर्ज आणि एजंटला दिलेले पैसे फिटलेले नव्हते. युद्धभूमीवर थांबावं की कर्ज घेऊन घरी जावं, असा पेच फौजेत आम्ही जवानापुढे कधी टाकत नाही. मे २०२१ मध्ये इस्रायलच्या अश्कलोन शहरात रॉकेट पडलं, तेव्हा एका वृद्ध बाईला सांभाळणारी केरळची एक बाई मारली गेली. कामाच्या जागीच तिचा अंत झाला. अशा मृत्यूला आपण 'दुर्दैवी' म्हणतो. तो कामावर असताना आलेला मृत्यू आहे, असंही म्हणायला हवं.

हे काम इतकं स्वस्त का?

माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ इथे आहे.

हे काम घरात फुकट होत आलं म्हणून बाजारात स्वस्त मिळतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात रोज १,६४० कोटी तास बिनपगारी देखभालीचं काम होतं. २०० कोटी माणसांनी रोज आठ तास फुकट राबावं, एवढं ते आहे. त्यातला ७६ टक्क्यांहून अधिक वाटा बायकांचा. आपल्या देशाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. पुरुषांत मुळात ते करणारेच थोडे. घरातल्या माणसांची देखभाल करणारे १५ ते ५९ वयोगटातल्या बायकांत ४१ टक्के आहेत, पुरुषांत साधारण २१ टक्के.

'हे काम बायकांच्या रक्तातच असतं' असं लोक मला सांगतात. मी त्यांना आर्मी मेडिकल कोअरमध्ये घेऊन जाईन. तिथले नर्सिंग असिस्टंट म्हणजे मिशा राखलेले जवान. जखमा बांधतात, बेडपॅन देतात, बेशुद्ध माणसाची कूस बदलतात. लंगरमधला स्वयंपाक पुरुष करतात, कपडे पुरुष धुतात. काम तेच. पण तिथे त्या कामाला हुद्दा आहे, प्रशिक्षण आहे, ठरलेली सुट्टी आहे, निवृत्तिवेतन आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या बायका कमिशन घेतलेल्या अधिकारी असतात. त्याच सेवेतल्या गर्ट्रूड अ‍ॅलिस राम १९७६ साली मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला.

आता गणवेशाबाहेर या. देशातल्या सुमारे दहा लाख आशा सेविकांचा जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये गौरव केला. पण सरकारी दप्तरी त्या 'स्वयंसेविका' आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. घरोघरच्या होम नर्सला तेवढीही ओळख नाही. कामाचा दर काम किती अवघड आहे यावरून ठरत नाही. ते कोण करतं आणि कुठल्या नावाखाली करतं, यावरून ठरतो.

करायचं काय?

परदेशी जाणाऱ्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदलेला आहे का? कायद्याने त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घेता येते. लाखांची भाषा करणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. करारात पदाचं नाव काय आहे, 'नर्स' की 'केअर वर्कर'? आणि मुलांबाबतचा नियम काय आहे? करार समजेल अशा भाषेत हातात आल्याशिवाय सही करू नये.

घरी होम नर्स ठेवणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. चोवीस तासांची ड्यूटी कुणा माणसाला जमत नाही. पहारेकरीसुद्धा ठरावीक तासांनी बदलतो. आठवड्याची सुट्टी, रात्रीची सलग झोप, ठरलेल्या तारखेला पगार, आजारपणाची रजा, हे दया म्हणून द्यायचं नाही, अट म्हणून मान्य करायचं. आमच्याकडची बाई रविवारी सुट्टीवर असते. त्या दिवशी आईची कूस दर दोन तासांनी मी बदलतो, अंग पुसतो, चादरी बदलतो, आणि पत्नी बाकीचं बघते. ती एकटी करते त्याला आम्ही दोघं लागतो. एजन्सीला पैसे देताना त्यातले तिच्या हातात किती पडतात, हे तिला आणि एजन्सीला दोघांनाही विचारावं.

सरकारच्या पातळीवर पाया थोडाफार आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. कर्नाटकने २००४ साली घरकामगारांसाठी किमान वेतन जाहीर केलं. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ जून २०११ मध्ये झाला, त्याच्या बाजूने भारताने मतही दिलं, पण त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी करता येईल याचा विचार करायला केंद्र सरकारला सांगितलं. आपण मुली परदेशी पाठवतो तेव्हा तिकडच्या सरकारांकडे हक्क मागतो. ती मागणी वजनदार व्हायची असेल तर आपल्या घरातल्या बाईला ते हक्क आधी द्यावे लागतील.

आणि एच. डी. कोट्याच्या त्या आठवीतल्या मुलीसाठी? तिथे पाळणाघर हवं, शाळा सुटल्यावर चालणारं केंद्र हवं, म्हाताऱ्यांसाठी दिवसाची सोय हवी. साखळीच्या शेवटच्या चौकीला बदली देणं हे सरकारचं काम आहे, आणि घरातल्या पुरुषांचंही. एवढं झालं तर वरच्या कड्यांवरची बाई निर्धास्त मनाने काम करील, आणि फुकटच्या मजुरीवर उभा राहिलेला स्वस्ताईचा बाजारही थोडा भानावर येईल.

जाता जाता एक गृहपाठ. आज रात्री एक कागद घ्या. काल तुमच्या घरात देखभालीचं कोणतं काम कोणी केलं आणि त्याला किती मिनिटं लागली, ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. कामवाल्या बाईंचं नाव विसरू नका. बेरीज झाली की घरातल्या पुरुषांनी ती मोठ्याने वाचावी.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.